त्रिकोण दिसला की रूट थ्री

आमच्या भागातल्या पोरांना बेरीज शिकवावी लागत नाही. ती काट्यावर शिकून येतात. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर ट्रॅक्टरमागच्या दोन ट्रॉल्या एकापाठोपाठ चढतात, पुढच्या ट्रॉलीचं वजन पडतं, मागच्या ट्रॉलीचं पडतं, दोन्ही मिळून खेप होते. पुढची अधिक मागची, विषय संपला. मोळ्यांवर बसून काट्यापर्यंत गेलेल्या पोराच्या हाडात ही बेरीज मुरलेली असते. मग तेच पोरगं अकरावी सायन्सला माझ्यासमोर बसतं. मी फळ्यावर तीन ठिपके काढते, तीन चार्ज, आणि विचारते, "खालच्या दोघांचा मिळून वरच्यावर जोर किती?" ते उभं राहून छातीठोक सांगतं, "दुप्पट, मॅडम."

याला मी काट्याची बेरीज म्हणते. सगळी नोकरी मी या एका बेरजेशी भांडण्यात घालवली. पोरांचा मला कधी राग आला नाही. त्यांनी जे पाहिलं ते सांगितलं. राग आला तो ज्यांना हे कळायला हवं होतं त्यांचा, आणि तो अजून गेलेला नाही. या अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं होतं, "मॅडम, वर्गातले गमतीदार अनुभव लिहा, फिजिक्स तेवढं नको." पण माझे अनुभव फिजिक्समधलेच आहेत, त्याला मी काय करू? ते वगळायचे तर मी शाळेच्या घंटेवर लिहायचं का?

मी मूळची कळंबची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. हे मी सांगितलं की काहींना वाटतं, बाई मिरवते. मिरवतेच. एसटीत उभं राहून बारामतीला येऊन फिजिक्स शिकले आणि तिथल्याच एका कनिष्ठ महाविद्यालयात लागले, ती निवृत्त होईपर्यंत. आमच्या आबांना, म्हणजे वडिलांना, कुणी माझा विषय विचारला की ते सांगायचे, "इजेचं शिकीवती." त्याचा परिणाम असा झाला की सुट्टीत घरी गेले की अंगणात कुणीतरी विहिरीवरच्या मोटरचा जळका स्टार्टर पोत्यात गुंडाळून माझी वाट बघत बसलेला असायचा.

"ताई, एवढं बघा की जरा."

"तात्या, मला स्टार्टर दुरुस्त करता येत नाही."

"आता! मंग कॉलेजात काय शिकीवता?"

"स्थिर वीज. जागची न हलणारी."

तात्या एकदा माझ्याकडं बघायचे, एकदा स्टार्टरकडं. "मंग त्येच झालंय की ह्याला," म्हणायचे.

तर ही जागची न हलणारी वीज. थंडीत प्लॅस्टिकचा कंगवा कोरड्या केसांतून फिरवून कागदाच्या कपट्यांजवळ नेला की कपटे उडी मारून चिकटतात, ती. चार्ज दोन जातींचे, अधिक आणि उणे. सारखे एकमेकांना ढकलतात, वेगळे एकमेकांना ओढतात. अंतर दुप्पट केलं की जोर निम्मा होत नाही, चौथाई होतो. इथवर कुणालाही समजतं, कारण इथवर चार्ज दोनच असतात. घोळ तिसरा आल्यावर होतो.

तिसऱ्यावर दोघांचा मिळून जोर काढायची रीत सरळ आहे. आधी धरायचं की दुसरा तिथं नाहीच, आणि पहिल्याचा एकट्याचा जोर काढायचा. मग पहिला नाहीच असं धरून दुसऱ्याचा काढायचा. माणसांत तिसरा आला की आधीच्या दोघांचं बोलणं बदलतं. चार्जांचं तसं नाही. शेजारी कोण आलं, कोण गेलं, याची त्यांना फिकीर नसते. जो तो आपला जोर लावतो. मग त्या दोन जोरांचे दोन बाण काढायचे. जेवढा जोर तेवढा लांब बाण, आणि जिकडं जोर तिकडं त्याचं तोंड. आणि मग ते बाण जोडायचे. आकडे नाही जोडायचे, बाण जोडायचे. वर्गात माझं एकच पालुपद असायचं, आधी बाण, मग बेरीज. पोरांनी माझं नाव 'बाणमॅडम' पाडलं होतं. त्यांना वाटायचं मला माहीत नाही.

एकदा एका ट्रॅक्टरवाल्याच्या पोरानं मला भर वर्गात अडवलं. अंगानं थोराड, आवाज ट्रॅक्टरवर बसून कमावलेला.

"मॅडम, दोन ट्रॅक्टर लावल्यावर दुप्पटच वढणार की. बाण कशाला पायजेत?"

मी म्हटलं, "तुमची ट्रॉली रानात रुतली होती कधी?"

"व्हय, गेल्या गळिताला. वल्या रानात."

"मग दोन ट्रॅक्टर लावले?"

"लावलं की. पर मधी पाट व्हता. म्हणून एक पाटाच्या ह्या अंगाला आन् एक त्या अंगाला."

"आणि ट्रॉली दुप्पट ओढली गेली?"

मागनं त्याचाच मित्र ओरडला, "सांग की रं! वायररोप तुटून तुझ्या चुलत्याच्या पायजम्याला लागला त्यो!" वर्ग हसला.

"न्हाय निघाली, मॅडम," ते म्हणालं. "दोन्ही ट्रॅक्टर धुरानं काळंनिळं झालं, पर ट्रॉली हलंना."

"का?"

"लई फाकलं व्हतं दोन्ही."

"झालं. फाकले होते. हाच आजचा धडा."

तो पोरगा पुढं कुठल्या कुठं गेला असेल, पण 'फाकणं' हा शब्द मी त्याच्याकडून उचलला आणि शेवटपर्यंत वापरला. दोन जोर एकाच दिशेला असले की काट्याची बेरीज चालते. ते जसजसे फाकत जातात तशी बेरीज घटत जाते. पार समोरासमोर उभे ठाकले, की सारखे असतील तर शून्य. एवढंच आहे सगळं. यात अवघड काय आहे, मला अजून कळलेलं नाही.

अवघड ते पुढं आलं. माझ्या नोकरीच्या शेवटाला कॉलेजनं शहरातल्या एका क्लासशी करार केला. गेटवर फ्लेक्स लागला, त्यावर कोटातले सर हाताची घडी घालून उभे. प्रवेश आमच्याकडं, बारावीचं शिकवणं त्यांचं, परीक्षा त्यांच्या, प्रश्न त्यांच्या मेन ऑफिसातून येणार, उत्तरंही तिथूनच. फिजिक्सला नितीन सर म्हणून एक तरुण आले. वागायला वाईट नव्हते, मला बसायला खुर्ची द्यायचे. पहिल्याच आठवड्यात स्टाफरूममध्ये माझ्या हातातली पट्टी बघून म्हणाले, "मॅडम, तुम्ही अजून आकृती काढून घेता? मुलांना एवढा वेळ नसतो हो. आमच्याकडं सोपं केलंय. त्रिकोण दिसला की रूट थ्री. चौकोन दिसला की रूट टू अधिक अर्धा. डोळे झाकून टिक."

मी म्हटलं, "आणि त्यातला एक चार्ज उणे असला तर?"

"तसं सहसा येत नाही."

सहसा! अहो, डॉक्टर असं म्हणाला तर चालेल का? काळीज डाव्या बाजूला असतं, सहसा, म्हणून डोळे झाकून कापतो?

बरं, त्यांचं ते सूत्र खोटं नव्हतं. समभुज त्रिकोणाच्या तिन्ही कोपऱ्यांवर तीन सारखेच, एकाच जातीचे चार्ज ठेवले, तर खालचे दोघे वरच्याला ढकलतात. ते दोन ढकलणारे जोर फार फाकलेले नसतात, साठ अंशच. म्हणून बेरीज दुप्पट होत नाही, रूट थ्री पट होते, म्हणजे पावणेदोनच्या आसपास. हे अगदी बरोबर. म्हणूनच मला जास्त संताप यायचा. खोटं असतं तर पोरांनी कधी ना कधी टाकून दिलं असतं. अर्धवट खरं माणूस आयुष्यभर जपून ठेवतं.

त्याच वर्षी काजल माझ्या वर्गात होती. लोणी भापकरची. तिच्या आज्ज्याची पिढी मेंढरं घेऊन रानोमाळ फिरलेली. आता घरी थोडी शेती आणि आज्ज्याच्या हौसेपुरती चार मेंढरं. थोरला भाऊ दत्ता बारामती एमआयडीसीत दूध डेअरीच्या प्लँटवर कामाला. पहिली पाळी असेल तेव्हा तो तिला मोटरसायकलवर कॉलेजला सोडून पुढं जायचा. त्यामुळं ती सगळ्यांच्या आधी येऊन लॅबच्या पायरीवर बसलेली असायची. मी कुलूप काढेपर्यंत कालचं गणित पुन्हा करत.

एक दिवस मी मुद्दाम उणे घातला. समभुज त्रिकोण, खाली डावीकडं अधिक, खाली उजवीकडं उणे, वर अधिक. तिन्ही सारख्या मापाचे. "वरचा कुठं जाईल?"

एकजण म्हणाला, "दुप्पट जोरानं वर." दुसरा म्हणाला, "कुठंच न्हाय, कटाप." क्लासला जाणारी दोघं-तिघं एकदम, "रूट थ्री!"

काजल उठली. "आडवा जाईल, मॅडम. उजवीकडं."

"कशावरून?"

"आमचा आज्जा अडलेलं मेंढरू असंच नेतो. एकजण मागनं हाकतो, दुसरा म्होरनं बाभळीची डहाळी दावतो. हाकणारा ह्या कोपऱ्याला, डहाळीवाला त्या कोपऱ्याला. मेंढरू हाकणाऱ्याच्या काठीच्या रेषेतबी पळत न्हाय आन् डहाळीवरबी झेप घेत न्हाय. मधनं निघतं."

"काजे, चार्जला लोकर असती व्हय गं?" मागून कुणीतरी.

"तुझ्यापरीस अक्कल असती," ती मान न वळवता म्हणाली.

मी तिला खडू दिला. तिनं वरच्या चार्जापासून डाव्या अधिकाचा ढकलणारा बाण काढला, वर उजवीकडं चढता. मग उजव्या उणेकडं ओढणारा बाण, खाली उजवीकडं उतरता. दोन्ही तेवढेच लांब. "ह्याचं वर आन् त्याचं खाली एकमेकांत जिरलं," ती म्हणाली. "उरलं ती आडवं. दोघांचं अर्धं-अर्धं." आणि बेरीज आली बरोबर एकाच्या जोराएवढी. दुप्पट नाही, शून्य नाही, रूट थ्री तर नाहीच नाही. हे दोन जोर एकशेवीस अंशांत फाकलेले आहेत. इतके फाकल्यावर दोघांनी मिळून एकाचंच काम होतं.

मी खूप वर्षं हे शिकवलं, पण 'हाकणारा आणि डहाळीवाला' मला कधी सुचला नव्हता. त्या दिवशी घरी जाताना मी एकटीच हसत होते.

अकरावीच्या अखेरीला क्लासची चाळणी परीक्षा आली. तिच्यावरून बारावीच्या बॅच पडणार होत्या. ए बॅचला एसी हॉल, पडदा, नितीन सर. बी बॅच मधली. सी बॅच सायकल स्टँडमागच्या खोलीत, आणि तिला मी. परीक्षेच्या आधी काजल पायरीवर वही मिटून बसलेली दिसली. विचारल्यावर म्हणाली, "दादा म्हणतो, ए बॅच मिळाली तर प्लँटवर भांडून वर्षभर पहिली पाळी घेतो, रोज सोडतो. न्हायतर सायन्स बंद. जवळच्या कॉलेजला आर्ट्स घे म्हणतो."

"आणि वडील?"

"आण्णा म्हणत्यात, दादा सोडणार तर दादा ठरवणार."

यात दत्ताचं चुकत होतं असं मला म्हणवत नाही. वर्षभर कुणी पाळी बदलून घेत नाही, त्यासाठी साहेबाच्या, सोबत्यांच्या दहा विनवण्या कराव्या लागतात. कॉलेजनं स्वतःच फलक लावून सांगितलं होतं की हुशार कोणत्या बॅचला आणि भरताड कोणत्या. त्यानं त्या फलकावर विश्वास ठेवला, एवढंच.

यादी लागली. काजल ए बॅचच्या शेवटच्या नावाच्या एका गुणानं खाली, म्हणजे बी बॅचला. दुपारी ती प्रश्नपत्रिका घेऊन माझ्याकडं आली. रडत नव्हती. तोंड मात्र बारीक झालेलं.

"मॅडम, ह्यात माझं काय चुकलं तेवढं सांगा."

मी बघितलं. तोच त्रिकोण. खाली एक अधिक, एक उणे, वर अधिक. पर्याय चार. कडेला तिचे दोन बाण, आणि तिनं टिक केलेलं, एकाएवढा. क्लासच्या आन्सर कीमध्ये बरोबर उत्तर होतं रूट थ्री. मेन ऑफिसात कुणीतरी जुना प्रश्न उचलला होता, नवा दिसावा म्हणून एका चार्जाला उणे चिन्ह लावलं होतं, आणि उत्तर तसंच ठेवलं होतं. ज्यांनी डोळे झाकून टिक केलं त्यांना गुण. जिनं डोळे उघडे ठेवले तिला शून्य.

मी तडक स्टाफरूममध्ये गेले. "नितीन सर, ही की चुकलीय."

"मॅडम, की मेन ऑफिसवरून येते."

"कुठूनही येऊ दे. तुम्ही सोडवून बघा."

"सोडवायचं काय त्यात? त्रिकोण आहे."

तेव्हा माझा आवाज चढला. शेजारच्या वर्गातलं शिकवणं थांबलं, असं नंतर मला सांगण्यात आलं. मी नितीन सरांना आणि प्राचार्यांना, दोघांनाही लॅबमध्ये नेलं. प्राचार्य कॉमर्सचे, त्यांना बिचाऱ्यांना वाटलं कुठं शॉर्टसर्किट झालं.

आमच्या लॅबमध्ये एक लाकडी फळी होती, उभी. वरच्या दोन कोपऱ्यांना दोन कप्प्या. तीन दोरे एका गाठीत बांधलेले. दोन दोरे दोन कप्प्यांवरून दोन बाजूंना सोडायचे, तिसरा मध्ये सरळ खाली लोंबतो. तिन्हींच्या टोकांना वजनं अडकवायची. जोर कसे जोडले जातात हे दाखवायचं याच्यापेक्षा प्रामाणिक यंत्र मी पाहिलेलं नाही. त्याला लाच देता येत नाही.

मी तिन्ही दोऱ्यांना एकसारखं वजन लावलं आणि हात काढून घेतला. गाठ थोडी डुलली आणि थांबली. तिन्ही दोरे सारखे फाकलेले. कोनमापक लावला, एकशेवीस. "बघा," मी म्हटलं, "बाजूचे दोघे मिळून मधल्या एकालाच तोलतायत. एकशेवीस अंशांत दोघांची बेरीज एकाएवढी. काजलचं उत्तर." मग मधलं वजन वाढवून पावणेदोनपटीच्या आसपास नेलं. गाठ खाली सरकली, बाजूचे दोरे जवळ आले आणि साठ अंशांवर थांबले. "आणि हा तुमचा रूट थ्री. तो साठ अंशांचा. प्रश्नात साठ नाहीत."

प्राचार्य चष्मा वर करून दोऱ्यांकडं बघत राहिले. "मला यातलं कळत नाही," ते म्हणाले, "पण थांबलंय खरं."

नितीन सर म्हणाले, "मॅडम, हे मेकॅनिक्स झालं. प्रश्न इलेक्ट्रोस्टॅटिक्सचा आहे."

मी काय बोलले ते इथं छापता येणार नाही. सारांश असा, की जोर बैलाचा असो, वजनाचा असो, नाहीतर चार्जाचा असो, बाण तोच असतो, आणि हे ज्याला माहीत नाही त्यानं फ्लेक्सवर हाताची घडी घालून उभं राहू नये.

प्राचार्यांनी मेन ऑफिसला कळवलं. दुसऱ्या दिवशी नोटीस लागली. सदर प्रश्न वादग्रस्त असल्याने सर्व विद्यार्थ्यांच्या एकूण गुणांत एक गुण वाढवण्यात येत आहे.

वादग्रस्त! बांधावरून वाद असतो, वाटणीवरून असतो. दोन सारखे जोर एकशेवीस अंशांत फाकल्यावर किती होतात, यात कसला वाद? मी नोटीस घेऊन प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले.

"ज्यांना हा गुण चुकीच्या उत्तरावर आधीच मिळालाय, त्यांनाही आणखी एक?"

"मॅडम, सरसकट दिला म्हणजे कुणाची तक्रार नको."

"अहो सर, मग यादी तशीच राहते! सगळे एकेक पायरी वर चढले, पुढचे पुढं आणि मागचे मागं. तिला मिळालं काय?"

"एक गुण मिळाला की," ते म्हणाले. ते थट्टा करत नव्हते.

ही आमची काट्याची बेरीज. शेतकऱ्याच्या पोरांनी केली तर आम्ही त्यांना हसतो. इथं शहरातल्या ऑफिसातून कॉम्प्युटरवर करून आली आणि तिच्यावर शिक्का होता.

काजल नोटीस बोर्डासमोर उभी होती. दोनदा वाचली असावी. मला म्हणाली, "मॅडम, माझं उत्तर बरोबर व्हतं का चूक, ते तर लिवलंच न्हाय ह्यात."

त्याच दुपारी दत्ता आला. प्लँटवरून थेट, पायात पांढरे गमबूट, अंगाला दुधाचा आंबूस वास. लॅबच्या दारातच थांबला.

"मॅडम, मला जास्त कळत न्हाय. पोरगी म्हणती माझं बरोबर. कॉलेज म्हणतंय सगळ्यांचंच बरोबर. मंग खरं काय हाय?"

"आत ये," मी म्हटलं.

फळी अजून तशीच उभी होती. मी मधलं वजन पुन्हा बाजूच्या दोघांएवढं केलं, गाठ एकशेवीसवर आली, मग ते काढून तो दोरा त्याच्या हातात दिला. "गाठ होती तिथं धरून ठेव. बाजूची दोन्ही वजनं तुला वर ओढतायत. किती जोर लागतोय?"

त्यानं धरलं. दिवसभर क्रेट उचलणारा माणूस, वजनाची पारख हाताला असलेली. बाजूच्या वजनांच्याच मापाचं आणखी एक वजन मी डब्यातून काढून त्याच्या दुसऱ्या हातात दिलं. तो एकदा या हाताकडं, एकदा त्या हाताकडं बघत राहिला.

"दोन्हीकडनं वढत्यात, पर हाताला एकाचाच भार लागतोय," तो म्हणाला. "दोन्ही हात सारखंच."

"हेच तुझ्या बहिणीनं लिहिलं होतं. तेवढ्या प्रश्नाला तिला शून्य मिळालं."

दत्तानं दोरा हळूच सोडला. "आन् ज्यांनी चुकीचं लिवलं त्ये एसीत?"

"हो."

"एसीत हे शिकीवत्यात का? ही फळी?"

"नाही."

"मंग कुठं शिकीवत्यात?"

"सायकल स्टँडमागं. सी बॅचला. मी शिकवते."

काजल दारात ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. तो तिच्याकडं बघून म्हणाला, "सायबाचं पाय धरायला लावतीस बघ मला. पयली पाळी म्हंजी काय खाऊ हाय का?" आणि माझ्याकडं वळून, "तुमच्याच वर्गात बसवा, मॅडम. त्या एसीत न्हाय पाठवायची मला."

मी त्याच दिवशी शिपायाकडून फळी सायकल स्टँडमागच्या खोलीत नेऊन ठेवली. परवानगी कुणाला विचारली नाही. यादीत नाव बी बॅचला असूनही वर्षभर काजल माझ्या सी बॅचच्या पहिल्या बाकावर होती. यात न्याय झाला असं मी मानत नाही, कुणी मानूही नये. बोर्डावरची ती यादी कधीही दुरुस्त झाली नाही. भाऊ दुसरा असता तर एका हुशार पोरीचं सायन्स एका नोटिशीपायी गेलं असतं. तशी किती गेली असतील, ते माझ्यापर्यंत आलंच नाही. त्याची रुखरुख आहे.

मी निवृत्त झाले. शाल, नारळ, भाषणं. काही महिन्यांनी कामासाठी कॉलेजला गेले तर लॅबचा डिजिटल हॉल झालेला, आणि आमची फळी मागच्या व्हरांड्यात मोडक्या बाकांवर उताणी पडलेली. एका कप्पीवर कोळ्यानं जाळं धरलेलं. मी म्हटलं, ही मला द्या. कुणी नाही म्हणालं नाही, तेच जास्त लागलं. दत्ताला फोन केला. पाळी सुटल्यावर तो आला, फळी उभी करून मोटरसायकलच्या मागं दोरीनं आवळून बांधली आणि लोणी भापकरला घेऊन गेला.

काजल आता बारामतीत बी.एस्सी. करते, फिजिक्सच. रविवारी गावातल्या अकरावी-बारावीच्या पोरांना घरी बोलावते. परवा मी गेले होते. मेंढरांच्या वाड्याशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये फळी खिळ्यांना टांगलेली, कप्प्यांना तेल दिलेलं. मी मागं बसले. काजलनं तोच त्रिकोण घातला होता, खाली अधिक-उणे, वर अधिक. वह्या गोळा झाल्या. दुप्पट, दुप्पट, दुप्पट, एकानं रूट थ्री. तिनं सगळ्यांवर फुल्या मारल्या.

एक पोरगा कळवळला. "ताई, सगळ्यांचंच चुकलंय, मंग सगळ्यांना एकेक देऊन टाका की!"

"का?"

"एकच तर मार्क हाय."

"मार्क म्हंजी काय परसाद हाय व्हय," काजल म्हणाली, "आल्या-गेल्याच्या हातावर ठेवाया? चुकलं ती चुकलं. पुन्यांदा काढ."

माझ्या शेजारी बसलेली एक मुलगी पुटपुटली, "लई कडक हाय ही. तुमच्या टायमाला असं व्हतं का, मावशी?"

"तू आधी बाण काढ," मी म्हटलं.